हालवारचा अर्धा मैल

ब्रेक्केदालच्या खोऱ्यात माणूस केवढा मोठा हे त्याच्या घरावरून ठरत नाही, ट्रॅक्टरवरून तर नाहीच नाही. सप्टेंबरात डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणताना तो ओळीत कुठे चालतो, त्यावरून ठरतं. वीस-बावीस माणसं आणि सात-आठ कुत्री डोंगराच्या अंगावर आडवी ओळ धरून चालतात आणि उन्हाळाभर मोकाट चरून माजलेल्या नऊशे मेंढ्या पुढ्यात घालून फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठापर्यंत आणतात. ओळीच्या खालच्या टोकाला नवखे, शहरातले जावई आणि नुसते फोटो काढायला आलेले. मध्ये जाणती माणसं. आणि पार वरच्या टोकाला, सुट्या दगडांच्या घसरणीच्याही वर, एकच जण. त्याला म्हणायचं वरचा गडी. मेंढी बिचकली की खाली पळत नाही, वर पळते. वरचा गडी तिच्या आधी तिथे पोचलेला असला तर ती वळते. नसला तर ती कड्यापलीकडे गेली म्हणून समजा, आणि मग ती शोधण्यात आणखी दोन दिवस गेले.

हालवार बेचाळीस वर्षं वरचा गडी होता. त्याआधी त्याचा बाप होता. बाप तर असा, की एकदा ढगात हरवलेल्या तीन मेंढ्या त्याने नुसत्या खोकल्याच्या आवाजावरून शोधल्या. मेंढीच्या नव्हे, स्वतःच्या. त्याचा खोकला ऐकून मेंढ्याच त्याच्याकडे चालत आल्या. असो.

तर गेल्या सप्टेंबरात काय झालं, सत्तरीचा हालवार घसरणीच्या निम्म्यावर गेला आणि त्याचा दम संपला. एकशे आठ किलो वजन, त्यात सकाळी गुनवोरने, म्हणजे बायकोने, प्रेमाने करून घातलेली पाच वॉफल. तो एका दगडावर बसला. जरासाच बसला असं तो म्हणतो. तेवढ्यात अकरा मेंढ्या त्याच्या नाकासमोरून, अगदी ओळखीचं माणूस बघावं तसं त्याच्याकडे बघत, वर निघून गेल्या. त्या मिळेपर्यंत बर्फ पडलं होतं.

त्या वेळी कुणी काही बोललं नाही. खोऱ्यातली माणसं लगेच बोलत नाहीत. ती एप्रिलच्या, ओळ पक्की करायच्या सभेपर्यंत थांबतात. एप्रिलच्या सभेत विदार उठला. विदार म्हणजे हालवारच्या धाकट्या भावाचा मुलगा, चव्वेचाळीस वर्षांचा, आणि गेली तीन वर्षं मेंढ्यांच्या कामाचा म्होरक्या. कागद वाचत वाचत तो शेवटी म्हणाला, "आणि या वर्षी फाटकावर... हालवारकाका."

फाटक म्हणजे खाली, मेंढ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी. तिथे उभं राहायचं, मेंढ्या आत आल्या की फाटक लावायचं आणि कॉफीच्या किटलीवर नजर ठेवायची. फाटकावर शहात्तर वर्षांचा आर्नफिन असायचा आणि तो तिथे फार सुखात होता.

"ये रे ये!" आर्नफिन मागच्या बाकावरून ओरडला. "खुर्ची आहे, उशी आहे. गेल्या वर्षी तर मी मेंढ्या येईस्तोवर एक झोप काढली!"

सगळे हसले. हालवारही हसला, पण त्याचे कान लाल झाले. सभा संपल्यावर त्याने विदारला कोपऱ्यात गाठलं.

"कायमचा का रे फाटकावर?"

"काका, मला तू वर हवास. पण तू दगडावर बसलास की मला बर्फातून मेंढ्या शोधायला लागतात," विदार म्हणाला. "तुला काही झालं तर काकूला काय सांगू?"

हालवार घरी गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन डॉक्टरकडे निघाला.

खोऱ्यात तेव्हा नवी डॉक्टर आली होती, मोरॅग नावाची, स्कॉटलंडची. वय छत्तीस, केस तांबडे, आणि भाषा पुस्तकातून शिकलेली. त्यामुळे ती बोलायची तेव्हा वाटायचं की चर्चमधून कुणी निवेदन वाचतंय. खोऱ्यात राजाखेरीज सगळ्यांना 'तू'च म्हणायची पद्धत, ती मात्र तिने पहिल्या दिवसापासून उचलली होती.

तिने हालवारचं रक्त तपासलं, छातीला तारा लावून बघितल्या, वजनकाट्यावर उभं केलं.

"हृदय चांगलं आहे. गुडघे ठीक आहेत. साखर मात्र काठावर आहे, अजून एक पाऊल आणि पलीकडे," ती म्हणाली. "तुला हवंय काय, हालवार?"

"सप्टेंबरात घसरणीच्या वर जायचंय. न बसता."

"पाच महिने आहेत. होईल. पण एकदम काही करायचं नाही. रोज, न चुकता, थोडं चालायचं." तिने शब्द आठवायला जरा वेळ घेतला. "रोज अर्धा मैल. सुरुवातीला तेवढं पुरे. ऑगस्टात ये, मग बघू."

आता मोरॅगच्या देशात मैल म्हणजे सोळाशे मीटर. आणि खोऱ्यात, किंबहुना अख्ख्या देशात, मैल म्हणजे दहा किलोमीटर. तान्ह्या पोरापासून सगळ्यांना तेच ठाऊक. डॉक्टरने सांगितले आठशे मीटर, हालवारने ऐकले पाच किलोमीटर. दोघांनीही एकमेकांकडे बघून समजुतीने माना डोलावल्या.

घरी आल्यावर गुनवोर म्हणाली, "अर्धा मैल? रोज? ती तुला बरा करतेय का मारतेय?"

"थोडं चालायचं म्हणाली."

"हे थोडं? मग जास्त म्हणजे काय, स्वीडनला जाऊन यायचं?"

पण डॉक्टरने सांगितलं म्हणजे सांगितलं. घरापासून वरच्या पुलापर्यंत अडीच किलोमीटर, जाऊन येऊन बरोबर अर्धा मैल. दुसऱ्या दिवशी हालवार निघाला.

इथे एक अडचण होती, आणि ती दमाची नव्हती, लाजेची होती. ब्रेक्केदालमध्ये शेतकरी माणूस उगीच चालत नाही. चालणं हे शहरातल्यांचं, रविवारचं, रंगीत कपड्यांतलं काम. शेतकरी रस्त्यावर दिसला म्हणजे तो कुठेतरी काहीतरी करायला निघालाय. त्यामुळे हालवारने एक बादली घेतली. रिकामी. बादली हातात असली की माणूस कामाला निघालेला दिसतो.

पहिल्या दिवशी त्याला जाऊन यायला दोन तास दहा मिनिटं लागली. वाटेत तो जुन्या दुधाच्या ओट्यावर बसला, तिथे पूर्वी डेअरीची गाडी कॅन उचलायची. मग आर्नफिनच्या दगडी कुंपणावर बसला. मग नुसता रस्त्याच्या कडेला बसला आणि बादलीत बघत राहिला, म्हणजे कुणी आलं तर वाटावं की तो बादलीतलं काही तपासतोय. आठवडाभरात अख्ख्या खोऱ्यात चर्चा, हालवार एप्रिलात बोरं वेचायला जातो. एप्रिलात तिथे बोरं नसतात, बोरांची झुडपंही अजून बर्फाखाली असतात.

"बादलीत काय रे?" आर्नफिनने खिडकीतून विचारलं.

"हवा."

"बरी आहे का? मला अर्धा लिटर दे. ये आत, वॉफल गरम आहेत!"

ही दुसरी अडचण, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. खोऱ्यात कुणाच्या घरी कॉफीला बसलं आणि पुढ्यात आलेलं खाल्लं नाही तर त्याचा अर्थ भांडण. आर्नफिनच्या आजोबांनी एकदा शेजाऱ्याकडे दुसरा केक नको म्हटला, तर कुंपणाचा दावा एकोणीस वर्षं चालला. आणि पुलाच्या वाटेवर घरं सहा. सहा घरं, सहा किटल्या, सहा थाळ्या. पहिल्या आठवड्यात हालवार अर्धा मैल चालला आणि वजन दीड किलो वाढवून आला.

यातून मार्ग त्याने स्वतः काढला, आणि याचा त्याला आजही अभिमान आहे. पाहुणा कोण? जो बूट काढून आत येतो तो. बूट पायात असले तर तो पाहुणा नाही, तो नुसता निरोप सांगायला आलेला. मग तेव्हापासून हालवार उंबऱ्यावर, बूट न काढता, उभ्या उभ्या काळी कॉफी प्यायचा आणि निघायचा. कुणाला राग मानता येईना, कारण तो आलेलाच नव्हता. आर्नफिनने एकदा त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायचा प्रयत्नही करून बघितला.

घरात मात्र बुटांची युक्ती चालणार नव्हती. गुनवोरचं रांधणं म्हणजे खोऱ्याचा मान. नाताळात ती सात प्रकारची बिस्किटं करते, आणि सातवा प्रकार कोणता यावर बायकांची दरवर्षी चर्चा होते. डॉक्टरने दिलेला कागद तिने टेबलावर ठेवला आणि चष्मा लावला. कागदावर एक ताट काढलं होतं, निम्म्यात भाज्या.

"हे बघ, निम्मं ताट भाजी."

"बटाटे आहेत की," हालवार म्हणाला. "निम्मं ताट बटाटेच असतात."

"बटाटा दुसऱ्या खणात काढलाय."

"कुणी काढला तिथे?"

"मला काय माहीत, मी काढला नाही."

गुनवोर दोन दिवस घुश्शात होती. चाळीस वर्षं ज्या हाताने खाऊ घातलं त्याच हाताने नवऱ्याला आजारी केलं की काय, असं तिला वाटत होतं, आणि ते ती बोलत नव्हती, नुसत्या पातेल्यांचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी तिने वॉफलचा साचा पुसून, कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. "शनिवार," ती म्हणाली. "शनिवारी खाली येईल. इतर दिवशी नाही." आणि तळघरातून सलगम, गाजरं, कोबी वर आणला. तिने त्या भाज्यांवर असा हात चालवला की पंधरा दिवसांत हालवार सलगम मागून घ्यायला लागला. भाजलेलं सलगम, जवाची दाणेदार पेज, कोबीबरोबर उकडलेला मासा. बटाटे पाचाचे दोन झाले. संध्याकाळी गोड तपकिरी चीज लावलेले ब्रेडचे पाच काप जायचे, त्यांचे दोन झाले, आणि त्यांवर चीजऐवजी टोमॅटोतला बांगडा आला.

साखरेची गोष्ट वेगळी. हालवार कॉफीत साखर घालत नसे. खडा पुढच्या दातांत धरायचा आणि त्यावरून कॉफी ओढायची, ही बापाची रीत. दिवसाला अकरा खडे. एकदम सोडायचं त्याने करून बघितलं. दुपारपर्यंत तो कुत्र्यावर ओरडला, कुत्रं सोफ्याखाली गेलं आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. मग गुनवोरने रोज सकाळी खडे मोजून बशीत ठेवायला सुरुवात केली. दर सोमवारी एक कमी. दहा, नऊ, आठ. एक खडा गेल्याचं कुणालाच कळत नाही, जिभेलाही नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बशी रिकामी होती आणि हालवारने ती धुवायला टाकली.

मे सरता सरता तो ओट्यावर बसायचं विसरायला लागला. म्हणजे ठरवून नव्हे, घरी आल्यावर आठवायचं की आज बसलोच नाही. जूनमध्ये बादली घरी राहिली. दाराशी गुनवोर म्हणाली, "बादली?" तो म्हणाला, "राहू दे, सगळ्यांना माहीतच आहे." खरं म्हणजे त्याआधी गावात दुसरीच आवई उठली होती: हालवार रोज एकटा लांब लांब फिरतो, म्हणजे घरात नवराबायकोचं पटत नाही. हे ऐकल्यावर गुनवोरने स्कार्फ बांधला आणि त्याच्याबरोबर निघाली. पहिल्यांदा नुसती लोकांना दाखवायला, दुधाच्या ओट्यापर्यंत. मग आर्नफिनच्या कुंपणापर्यंत. मग तिला ते आवडायलाच लागलं, कारण वाटेत सगळ्यांच्या बागा दिसतात आणि कुणाचं गवत कापायचं राहिलंय तेही कळतं.

आणि मग, सगळं सुरळीत चाललेलं असताना, जुलैच्या शेवटाला हालवारची बहीण बोर्गहिल आली. शहरातून, आठ दिवसांसाठी, गाडीच्या डिकीत केकचे डबे घेऊन. बोर्गहिलला नाही म्हणणं म्हणजे आईला नाही म्हणणं. हालवारने खाल्लं. साचा फळीवरून रोज खाली आला. पावसाने झड लावली, चालणं राहिलं, आणि असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी हालवार काट्यावर उभा राहिला, खाली उतरला, आणि खुर्चीत जाऊन बसला.

"गेलं सगळं," तो म्हणाला. "फाटकावरच बरा मी. आर्नफिनकडे उशी आहे."

गुनवोर भांडी घासत होती. तिने मान वळवली नाही.

"तीस वर्षं गाई सांभाळल्यास. आजारी पडलास तेव्हा एक दिवस दूध काढायचं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी गाई विकल्यास का?"

"नाही."

"मग बूट घाल."

एवढंच. राहिलेले नऊ दिवस भरून काढायला तो जास्त चालला नाही, उपाशीही राहिला नाही. नेहमीइतकाच पुलापर्यंत गेला आणि आला.

ऑगस्टात ठरल्याप्रमाणे दोघं डॉक्टरकडे गेले. मोरॅगने काटा बघितला: अठ्ठ्याण्णव. रक्त बघितलं: साखर काठापासून चांगली आत आलेली. ती खूश झाली, आणि मग तिने सहज विचारलं, "आणि चालायला किती वेळ लागतो?"

"एप्रिलात दोन तास लागायचे," हालवार छाती पुढे काढून म्हणाला. "आता पंचावन्न मिनिटं!"

मोरॅगच्या हातातलं पेन थांबलं.

"पंचावन्न मिनिटं? अर्धा मैल?"

"जाऊन येऊन."

तिने पुन्हा छातीला तारा लावल्या, पुन्हा नाडी बघितली, घोटे दाबून बघितले, एका पायावर उभं राहायला सांगितलं. सगळं ठीक होतं आणि त्यामुळे तिची काळजी आणखी वाढली.

"हालवार," ती हळूच म्हणाली, "एवढं अंतर चालायला एवढा वेळ लागत असेल तर काहीतरी आहे, जे मला दिसत नाही. शहरातल्या मोठ्या डॉक्टरला दाखवू. तोवर डोंगर नाही. सप्टेंबरात वर जायचं नाही."

हालवारचा चेहरा पडला. गेल्या वर्षी दगडावर बसतानाही तो इतका दमलेला दिसला नसेल.

"पंचावन्न मिनिटं कमी आहेत का?" तो म्हणाला. "एकाहत्तरचा आहे मी. विदारलाही त्याहून कमी लागणार नाहीत!"

"विदारलाही?" मोरॅग आता घाबरलीच. खोऱ्यातल्या पाण्यात काही आहे का, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं.

"ऊठ," हालवार म्हणाला. "ऊठ, डॉक्टर. तो पांढरा कोट काढ. चल माझ्याबरोबर, आणि काय चुकतंय ते दाखव."

बाहेर ताटकळलेल्या तीन पेशंटांच्या समोरून डॉक्टर, हालवार आणि मागे पर्स सांभाळत गुनवोर असे तिघे रस्त्याला लागले. हालवार रागात होता, त्यामुळे नेहमीपेक्षा जोरात. मोरॅग हातातल्या, अंतरही मोजणाऱ्या घड्याळाकडे बघत त्याच्या बरोबरीने जवळजवळ धावत होती. होड्यांच्या शेडजवळ ती थांबली, कमरेवर हात ठेवून.

"झालं," ती धापा टाकत म्हणाली. "सात मिनिटं. सातच मिनिटांत झालं की! मग घरी पंचावन्न कशी लागतात?"

"काय झालं?"

"अर्धा मैल."

हालवारने मागे वळून बघितलं. दवाखान्याचं दार अजून दिसत होतं. दारात ते तीन पेशंट उभे राहून बघत होते, तेही दिसत होते.

"हा?" तो म्हणाला. "हा अर्धा मैल? डॉक्टर, इथवर अजून माझं नाकसुद्धा गरम झालेलं नाही!"

गुनवोरला पहिल्यांदा उमगलं. "मोरॅग," तिने विचारलं, "तुमच्याकडे मैल केवढा असतो ग?"

मोरॅगने सांगितलं. मग गुनवोरने आपल्याकडचा सांगितला. डॉक्टरने तोंडावर हात ठेवला, मग तोंड झाकल्या हातानेच हसायला लागली आणि शेवटी शेडच्या कट्ट्यावर बसली. "पाच किलोमीटर! एकशे आठ किलोच्या माणसाला, पहिल्याच दिवशी! मी तुला मारलं असतं हालवार!"

"मी तेव्हाच म्हटलं होतं," गुनवोर म्हणाली.

"आणि तू केलंस? रोज?"

"तूच म्हणालीस, थोडं चालायचं," हालवार म्हणाला. रागवायचं का हसायचं ते त्याला अजून नीट ठरवता येत नव्हतं. "मला वाटलं स्कॉटलंडची माणसं चिवट असतात."

मोरॅगने डोंगराला परवानगी दिली, लेखी. हालवार तो कागद घेऊन विदारकडे गेला. विदारने वाचला, घडी घातली, परत दिला.

"काका, कागद घसरण चढत नाही. पण चार महिने तुला रस्त्याने जाताना बघतोय, तेव्हा फाटक नको. वरून दुसरा. सगळ्यात वर टेरये."

टेरये म्हणजे विदारचा मेहुणा, बत्तीस वर्षांचा, शहरातला, लांब पल्ल्याच्या शर्यती पळणारा. पाय हरणाचे. हालवारने कागद खिशात घातला. वरून दुसरा म्हणजे फाटक नव्हे हे खरं, पण वरचा गडीही नव्हे. बेचाळीस वर्षं वर कुणी नसायचं, आता डोक्यावर कुणीतरी चालणार.

सप्टेंबरचा दुसरा शनिवार. शनिवार असूनही पहाटे वॉफल नव्हती, जवाची पेज होती आणि दोन काप. चढ सुरू झाला तेव्हा ढग खाली होते. घसरणीपाशी पोचले तेव्हा ढग त्यांच्यासकट वर आले. दहा पावलांपलीकडे काही दिसेना. माणसं एकमेकांना हाका मारत चालली होती. हालवारचा श्वास येत होता, जात होता, हिशेबात. तो त्याच्याकडे लक्षही देत नव्हता, आणि घसरणीचा निम्मा भाग मागे गेल्यावर त्याला एकदम जाणवलं की आपण लक्ष देत नाही आहोत.

तेवढ्यात घंटा वाजल्या. मेंढ्यांच्या गळ्यातल्या, पुष्कळ, आणि खाली जाणाऱ्या नव्हेत. तीस-चाळीस मेंढ्या बिचकून वर निघाल्या होत्या.

"टेरये!" हालवार ओरडला. "कुठे आहेस?"

"ओढ्यापलीकडे!" आवाज लांबून आला. टेरये पायांच्या जोरावर फार पुढे निघून गेला होता. दुथडी भरून वाहणारा ओढा आता त्याच्या आणि मेंढ्यांच्या मध्ये होता. यात त्याची चूक काही नव्हती. ढगात मेंढी थेट वर जात नाही, आधी डावीकडच्या खिंडीकडे वळते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगूनही कळलं नसतं.

हालवार वर निघाला. घंटांच्या मागे नव्हे, खिंडीकडे, तिरका. दगड पायाखालून सुटत होते. गुडघ्यावर हात ठेवून, पाऊल बघून, न थांबता. एकदा एक मोठा दगड समोर आला, सपाट, बसायला अगदी खुर्चीसारखा. हालवारने त्याच्यावर हात टेकला आणि त्याचा आधार घेऊन वर सरकला. खिंडीच्या तोंडाशी तो पोचला, वळला, आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. काही दिसत नव्हतं. नुसत्या घंटा, जवळ, आणखी जवळ. मग ढगातून पहिली मेंढी बाहेर आली, चार पावलांवर थांबली आणि त्याच्याकडे बघू लागली.

"काय ग?" हालवार शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात धाप नव्हती. "रस्ता चुकलीस?"

मेंढी जरा वेळ विचार करत राहिली. मग मान वळवून उताराला लागली आणि तिच्यामागे बाकीच्या.

वॉकीटॉकीवर विदारचा आवाज आला, घाईचा: "वर काय झालं? कोण आहे वर?"

"मी आहे," हालवार म्हणाला.

पलीकडून विदार म्हणाला, "बरं. मग ठीक आहे."

त्या दिवशी एकही मेंढी मागे राहिली नाही. दुपारी वाड्यात त्या आत शिरत असताना आर्नफिन फाटकापाशी मोजत होता, आणि मोजता मोजता हालवारकडे बघून त्याचा आकडा चुकला, म्हणून सगळ्या पुन्हा मोजाव्या लागल्या. टेरये हालवारजवळ आला आणि म्हणाला, "काका, मी तुझ्याहून जोरात पळतो."

"पळतोस की."

"मग तू आधी कसा पोचलास?"

"तू नुसता पुढे पळालास. मेंढी जिथे वळणार तिथे मी गेलो. पुढच्या वर्षी माझ्याबरोबर चाल, दाखवतो."

संध्याकाळी सभागृहात नेहमीचं जेवण होतं, कोबी आणि मटण, मोठ्या पातेल्यात मंद शिजवलेलं. पुढच्या वर्षीची ओळ याच जेवणात कच्ची लिहितात, पक्की एप्रिलच्या सभेत होते. विदार कागद घेऊन उभा राहिला, खालून वाचत वाचत वर आला. "वरून दुसरा, टेरये. सगळ्यात वर..." त्याने मान वर केली. "काका, पुढच्या वर्षी तू बहात्तरचा."

"मला माहीत आहे, माझाच वाढदिवस असतो तो," हालवार म्हणाला. त्याच्या ताटात निम्मा कोबी होता, आणि बटाटे दोन. "आज लिहू नकोस. हिवाळाभर कोण चालतंय ते बघ, मग एप्रिलात लिही."

विदार हसला, आणि सगळ्यांसमोर पेनने 'हालवार' लिहून त्याखाली रेघ ओढली.

जेवण झालं तशी मंडळी गाड्यांकडे वळली. आर्नफिनने गाडीचं दार उघडून धरलं. "बसा दोघं. आज दिवसभर डोंगर चढलास, घरापर्यंत तरी बस की लेका!"

"नको. आजचं चालणं राहिलंय."

"डोंगर म्हणजे चालणं नव्हे?"

"ते काम होतं," हालवार म्हणाला आणि निघाला.

गुनवोर स्कार्फ बांधत त्याच्यामागे आली. चर्चच्या वळणापर्यंत तो तिच्या वीस पावलं पुढे गेला होता, हात झुलवत, काहीतरी गुणगुणत.

"अरे, जरा हळू!" तिने मागून हाक मारली. "मी काय खिंडीकडे पळणारी मेंढी आहे, माझ्या आधी पोचायला?"

हालवार थांबला, आणि ती बरोबरीला आल्यावर दोघं तिच्या चालीने घराकडे निघाले.